मशीन हेड : 'स्मोक ऑन द वॉटर' वगळून ऐका बघू

खालची_तार · शुक्रवार, रात्री १०:१५

मागच्या आठवड्यात एका मित्राच्या पन्नाशीला गेलो होतो. जेवणं झाल्यावर कुणीतरी गिटार काढली. पहिलं काय वाजवलं असेल? बरोबर. तेच. समोरचे सगळे "हां हां" करत माना हलवायला लागले. मी म्हटलं, हे गाणं ज्या अल्बममधलं आहे त्यातलं आणखी एक नाव सांगा. अकरा जणांत दोघांनी 'हायवे स्टार' म्हटलं. बाकीचे आइस्क्रीमकडे वळले.

म्हणून हा धागा.

डीप पर्पल या इंग्रज रॉक बँडचा 'मशीन हेड' (मार्च १९७२) मी अकरावीत ऐकला, एका सीनियरने सी-९० कॅसेटवर उतरवून दिलेला. सात गाणी, जेमतेम अडतीस मिनिटं. म्हणजे कॅसेटच्या एका बाजूला आख्खा मावायचा आणि शेवटी सातेक मिनिटं कोरी टेप सुरसुरत राहायची. ती सुरसुर माझ्या डोक्यात अजून अल्बमचा भाग आहे. सीडीवर 'स्पेस ट्रकिन' संपल्यावर लगेच शांतता होते तेव्हा चुकल्यासारखं होतं.

आता मुद्दा. या अल्बमला आपण 'स्मोक ऑन द वॉटर'च्या एका रिफवरून (गिटारच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्यावरून) ओळखतो, आणि बँडच्या लेखी ते गाणं जागा भरायला आलेलं होतं. त्यांची भिस्त होती 'नेव्हर बिफोर'वर. सिंगल म्हणून आधी तेच काढलं. इंग्लंडच्या यादीत ते ३५व्या क्रमांकापर्यंत चढलं आणि दम लागून बसलं. 'स्मोक ऑन द वॉटर' अमेरिकेत सिंगल म्हणून आलं १९७३ मध्ये, अल्बम निघून वर्ष उलटल्यावर, आणि तिथे चौथ्या क्रमांकावर गेलं. कुठलं गाणं चालणार हे ते करणाऱ्याला कळत नाही, हे आपल्याकडच्या संगीतकारांकडूनही ऐकलेलं आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात. 'इन रॉक' (१९७०) गाजला. 'फायरबॉल' (१९७१) दौऱ्यांच्या मधल्या फटींत तुकड्या-तुकड्यांनी केला, आणि त्यात आपला मंचावरचा जोर उतरला नाही असं बँडलाच वाटत होतं. मग ठरलं की स्टुडिओ नकोच. स्वित्झर्लंडला माँत्रोमध्ये तळ्याकाठी एक कॅसिनो आहे, हिवाळ्यात तो बंद असतो, त्याच्या रिकाम्या सभागृहात मंचावर वाजवतो तसं वाजवायचं आणि बाहेर रोलिंग स्टोन्सचा फिरता रेकॉर्डिंग ट्रक उभा करायचा. ब्रिटिश करातून सुटका हाही एक हेतू होताच, उगाच कलेचा टिळा लावायला नको.

४ डिसेंबर १९७१ला हंगामातला शेवटचा कार्यक्रम होता, फ्रँक झॅपा आणि त्याच्या मदर्स ऑफ इन्व्हेन्शनचा. प्रेक्षकांतल्या एकाने फ्लेअर गन (इशाऱ्याचा जळता गोळा सोडणारं पिस्तूल) छताकडे झाडली. छत वेताच्या आच्छादनाचं. कॅसिनो जळून गेला. पर्पलची मंडळी दुसऱ्या दिवशी सामान लावणार होती ती जागाच उरली नाही.

पुढचं सगळ्यांना 'स्मोक'मधून ठाऊक आहे, ते गाणं याच आगीवरचं. मला बोलायचंय ते त्यानंतरच्या दोन आठवड्यांबद्दल. शेवटी त्यांना मिळालं ते हिवाळ्यासाठी बंद पडलेलं ग्रँड हॉटेल. थंडगार. त्याच्या एका बोळात त्यांनी गाद्या उभ्या करून आवाज अडवला, मोठाले हीटर आणले आणि तिथे बसून ६ ते २१ डिसेंबरच्या दरम्यान अल्बम उरकला. मला अल्बममध्ये ते हॉटेल ऐकू येतं. गाणी चांगली आहेत, पण तो बोळ नसता तर हा अल्बम असा वाजला नसता, असं माझं म्हणणं.

तर, 'स्मोक' सोडून तुमचं गाणं कुठलं? आणि का?

---

काळी_दोन · शुक्रवार, रात्री १०:५२

'लेझी'. दुसरं नाव घेणारच नाही.

मी पेटी वाजवतो, त्यामुळे कान आपोआप जॉन लॉर्डकडे जातो. 'लेझी'ची सुरुवात ऐका. तो हॅमंड ऑर्गन आहे हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही, कुणीतरी यंत्राचं पोट दाबतंय असं वाटतं. कारण असं, की हॅमंड सहसा लेस्ली नावाच्या फिरत्या भोंग्याच्या स्पीकरमधून वाजवतात. चर्चमधला तो गोड थरथरता आवाज त्याचा. लॉर्डने आपला ऑर्गन गिटारवाल्यांच्या मार्शल अँप्लिफायरमधून काढायला सुरुवात केली. त्यामुळे तो फाटतो, गुरगुरतो. पर्पलमध्ये गिटार कुठे संपते आणि ऑर्गन कुठे सुरू होतो ते कळत नाही ते याचमुळे.

आणि चार मिनिटं उलटेपर्यंत गायक तोंड उघडत नाही! आपल्याकडे गायकाला असं ताटकळत ठेवून बघा. गिलनने मात्र मुकाट वाट बघितलीय, आणि मधे माउथ ऑर्गनही वाजवलाय.

---

नाना_नगरकर · शनिवार, सकाळी ६:२०

मी वयाने तुम्हां सगळ्यांपेक्षा मोठा असेन. आमच्या कॉलेजच्या काळात होस्टेलवर हे लावायचे. तेव्हाही डोकं दुखायचं, आताही दुखतं. एक इमारत जळाली, लोकांची पळापळ झाली, आणि यांनी त्यावर गाणं करून पन्नास वर्षं पैसे मिळवले. यात थोर काय ते सांगा. भांडायला नाही, खरंच विचारतोय.

---

खालची_तार · शनिवार, सकाळी ८:०५

नाना, एक आधी सांगतो. त्या आगीत कुणाचाही जीव गेला नाही. झॅपाने मंचावरून लोकांना शांतपणे बाहेर पडायला सांगितलं, आणि क्लोद नोब्स नावाच्या माणसाने आत अडकलेल्या पोरांना बाहेर काढलं. नोब्स म्हणजे माँत्रो जॅझ महोत्सव १९६७ला सुरू करणारा. पर्पलला तिथे आणणारा, कॅसिनो गेल्यावर दुसऱ्या जागांसाठी वणवण करणाराही तोच. अल्बम त्यालाच अर्पण केलाय, आणि गाण्यात त्याचं नाव 'फंकी क्लोद' म्हणून येतं.

(कबुली : मी कॉलेजभर ते 'फंकी क्लाउड' ऐकत होतो. धूर, ढग, पाणी, सगळं जमत होतं की!)

---

पोवाडेवाली · शनिवार, सकाळी ९:३१

@नाना, माझा प्रयत्न.

मी इंग्रजी रॉकची माणूस नाही. नवऱ्यामुळे ऐकावं लागतं. पण या गाण्याचे शब्द पहिल्यांदा कागदावर वाचले तेव्हा मला शाहिरी आठवली. बाकीच्या रॉक गाण्यांत प्रेयसी, मोटार, सैतान, काहीतरी धूसर. इथे मात्र सरळ हकीगत आहे. आम्ही अमुक गावी आलो, अमुक कामासाठी आलो, अमक्याचा कार्यक्रम होता, एका मूर्खाने हे केलं, अमका धावला, मग आम्ही कुठे गेलो, तिथे काय होतं. गावाचं नाव, माणसाचं नाव, ट्रकसुद्धा. सगळी नोंद. उपमा जवळजवळ नाहीच. पाण्यावरचा धूर हीसुद्धा उपमा नाही, समोर दिसलेली गोष्ट आहे.

प्रसंग घडला तसा, नावानिशी, फार न सजवता सांगणं ही आपल्याकडची जुनी रीत आहे. फक्त डफाच्या जागी ढोल आहेत म्हणायचं. थोर आहे का ते माहीत नाही, पण लबाड नाही.

---

नाना_नगरकर · शनिवार, सकाळी १०:१०

हे उत्तर पटलं. डोकेदुखीचं काय ते बघतो.

---

लेमानकाठी · शनिवार, दुपारी १:४४

धागा बघून राहवलं नाही. मी लोझानला राहते, इथून माँत्रो ट्रेनने वीसेक मिनिटांवर. भारतातून कुणी आलं की त्यांना शियोंचा किल्ला बघायचा असतो आणि फ्रेडी मर्क्युरीचा पुतळा. तो तळ्याकाठी बाजाराच्या चौकात आहे, हात वर करून तळ्याकडे तोंड. त्याच्या क्वीन बँडने पुढे याच माँत्रोमध्ये स्टुडिओ विकत घेतला होता, तोही त्या पुन्हा बांधलेल्या कॅसिनोतच. एकदा जळालेल्या जागेवर किती काय उगवलं बघा.

मला सांगायचंय ते वेगळं. हिवाळ्यात तळ्याकाठी उभं राहिल्याशिवाय ते गाणं पूर्ण कळत नाही. लाक लेमान (म्हणजे जिनिव्हाचं तळं) खूप मोठं आहे, पण माँत्रोच्या बाजूला ते डोंगरांच्या कुशीत येतं. समोर फ्रान्सचे डोंगर, मागे स्वित्झर्लंडचे. वारा उतरला तर धूर वर जात नाही, पाण्यावर पसरून राहतो. पहिल्या हिवाळ्यात मी इथे सकाळचं धुकं तसंच पाण्याला चिकटलेलं पाहिलं आणि दोन मिनिटं हसत उभी राहिले. शेजारून जाणाऱ्या आजींनी "बोंझूर" म्हणून संशयाने पाहिलं.

त्या काळोख्या, थंड, रिकाम्या गावात परदेशी माणसाला घर आठवतं. म्हणून माझं गाणं 'पिक्चर्स ऑफ होम'. डोंगर, थंडी, एकटेपणा, आणि घराची चित्रं. मी इथे आले त्या वर्षी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच गाणं ऐकायचे. आईला फोनवर सांगायचे की सगळं मस्त चाललंय.

---

डावखुरा · शनिवार, दुपारी २:३०

@लेमानकाठी, 'पिक्चर्स ऑफ होम'ची सुरुवातच इयन पेसच्या ढोलांनी होते, त्यामुळे तुम्हाला दोन गुण जास्त.

इथे पेसबद्दल अजून कुणी बोललं नाही म्हणून मी आलो. तो डावखुरा, मी डावखुरा तबलजी, त्यामुळे माझं मत पक्षपाती आहे असं समजूनच वाचा. हार्ड रॉकचे बरेच ढोलवाले ठोकतात. पेस झुलवतो. जॅझमधल्या मोठ्या बँडांचे ढोलवादक ऐकून वाढल्याचं दिसतं. 'लेझी'त तो मागून जे ढकलतो ते बघा, चार मात्रांच्या आत लय अशी काही कलंडते की खुर्चीत माणूस हलतोच.

पण माझं गाणं 'मेबी आय'म अ लिओ', ज्याचं नाव कुणी घेत नाही. त्याचा रिफ समेवर सुरू होत नाही! बास वाजवणाऱ्या रॉजर ग्लव्हरने तो मुद्दाम तसा केला. जॉन लेननच्या एका गाण्यावरून त्याला सुचलं की शंभरातले नव्व्याण्णव रिफ पहिल्या मात्रेवर पडतात, आपला पडायला नको. आपल्या लोकांना हे लगेच कळेल. मुखडा समेच्या पुढून उचलला की तीच साधी लय कशी लंगडत, ऐटीत चालते! मी एका शिष्याला हे लावून टाळी द्यायला सांगितली. तीन आवर्तनं चुकला, चौथ्यात हसला.

नावाबद्दल : गिलनची रास सिंह. बास, एवढंच. काही गूढ शोधू नका.

---

प्लग_काढू_नको · शनिवार, दुपारी ४:१८

धागाकर्त्याचा बोळाचा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे. मी ध्वनिमुद्रणाचं काम करतो, थोडी तांत्रिक भर.

स्टुडिओ म्हणजे काय? आवाज मेलेली खोली. भिंती आवाज परत देत नाहीत, मग हवी तेवढी घुमार आपण नंतर यंत्राने घालतो. हॉटेलचा बोळ म्हणजे अगदी उलट. लांब, अरुंद, कडक भिंतींचा. ढोलावर काठी पडली की आवाज टोकाला जाऊन परत येणार. गाद्या लावून त्यांनी तो थोडा खाल्ला, पूर्ण मारला नाही. त्यामुळे ढोलांना अंग आलंय. सनईवाला देवळाच्या ओवरीत वाजवतो आणि हॉलमध्ये वाजवतो, त्यात जो फरक तोच.

दुसरं, ट्रक बाहेर अंगणात. आत वाजवलेलं ऐकायचं तर खोल्यांमधून, गॅलरीतून, बर्फातून ट्रकपर्यंत जायचं आणि तसंच परत यायचं. दोन-चार दिवसांत मंडळी कंटाळली आणि ऐकायला जाणंच सोडलं! टेक बरा वाटला की पुढे. आजचं बघा. पडद्यावर लाट दिसते, गायक तीच ओळ चाळीसदा गातो आणि मग पहिलीच ठेवतो. मला तर वाटतं की त्या चालण्याच्या कंटाळ्याने अल्बम वाचवला.

ट्रकमध्ये बसलेला माणूस मार्टिन बर्च. पुढे आयर्न मेडन या बँडचे गाजलेले अल्बम त्याचेच. २०२०मध्ये गेला. बातमी आली त्या दिवशी मी काम बंद ठेवून 'हायवे स्टार' मोठ्याने लावलं होतं.

---

मांडवीतीर · शनिवार, संध्याकाळी ७:०२

पणजीहून. मी हॉटेलांत, लग्नांत वाजवणाऱ्या बँडमध्ये बावीस वर्षं गिटार वाजवली. 'स्मोक'ची फर्माईश किती वेळा आली असेल याची गणती ठेवली असती तर घर बांधलं असतं. रात्री अकरानंतर टेबलाकडून एक काका येणार, खांद्यावर हात ठेवणार आणि तोंडानेच वाजवणार : "डँ डँ डँ..."

एक गोष्ट सगळे चुकवतात, म्हणून लिहितो. तो रिफ एका तारेवर नाही. दोन तारा एकदम, आणि नखीने ओढायच्या नाहीत, बोटांनी चिमटीत धरून सोडायच्या. नखीने वाजवलं की एक तार आधी आणि दुसरी किंचित मागून येते. बोटांनी दोन्ही एका क्षणी सुटतात. पर्पलचा गिटारवाला रिची ब्लॅकमोर, त्याची सगळी धार त्यात आहे.

'हायवे स्टार'च्या गिटारीवर स्वतंत्र धागा काढा कुणीतरी. तो सोलो उत्स्फूर्त नाही, ठरवून बसवलेला आहे, बाखच्या वळणाचा. आमच्याकडे चर्चमध्ये नोटेशन वाचत वाढलेली पोरं असायची, त्यांना तो रॉकवाल्यांपेक्षा लवकर यायचा.

---

काळी_दोन · शनिवार, संध्याकाळी ७:४०

@मांडवीतीर, तुमच्या दोन तारांवरून एक गोष्ट डोक्यात आली, बरोबर आहे का सांगा. सूर लिहितो. ग कोमल धरा.

सा ग म | सा ग म' म | सा ग म ग सा

(म' म्हणजे तीव्र.) आणि प्रत्येक सुराखाली चौथा सूर, म्हणजे सा-खाली मंद्र प. बरोबर?

मग हे तर तंबोऱ्याचं जोड झालं! पंचम-षड्ज, पंचम-षड्ज. फक्त तंबोरा एका जागी बसतो आणि हा ती जोडी उचलून वरखाली फिरवतो. म्हणूनच तो इतका भरीव आणि तरी रिकामा वाटतो. त्यात गंधारच नाही, म्हणजे जोडीत. सुखी की दुःखी ते ठरत नाही.

---

मांडवीतीर · शनिवार, संध्याकाळी ७:५५

बरोबर. जी आणि डी तार, उघड्या. वर जी, तो सा. खाली डी, तुमचा मंद्र पंचम. तंबोरा हे मला बावीस वर्षांत सुचलं नव्हतं, देव बरें करूं.

---

रागदारी_बिगदारी · शनिवार, रात्री ८:२०

म्हणजे मालकंस!!! सा ग म सा ग म. आपल्याकडूनच चोरलंय.

---

काळी_दोन · शनिवार, रात्री ८:३३

नाही हो. पहिले तीन सूर मालकंसाचे आहेत, पण चौथ्या पावलाला तीव्र मध्यम लागला की मालकंस पळून गेला. दोन्ही मध्यम एकापाठोपाठ म्हणाल तर ललत आठवेल, पण ललतात गंधार शुद्ध. फार तर धानीत तीव्र मध्यमाची खोडी काढली असं म्हणा, आणि ती म्हणजे सरळ अमेरिकेतल्या ब्लूजची सुरावट. काळ्या शेतमजुरांच्या गाण्यातून आलेली. ज्याचं त्याला देऊ या.

चोरीच काढायची तर याच बँडचं 'चाइल्ड इन टाइम' घ्या. त्याची ऑर्गनची चाल 'इट्स अ ब्यूटिफुल डे' या अमेरिकन बँडच्या गाण्यावरून उचलली हे त्यांनी स्वतःच मान्य केलंय. त्या गाण्याचं नाव काय होतं? 'बॉम्बे कॉलिंग'. घ्या, मिळाला आपला वाटा.

---

दादर_टीटी · शनिवार, रात्री ९:१०

बॉम्बे म्हटल्यावर मी आलोच. १९९५मध्ये पर्पल मुंबईत आले होते, तेव्हा मी गेलो होतो. ब्लॅकमोर त्याआधीच बँड सोडून गेला होता, गिटारला स्टीव्ह मोर्स नवा-नवा. माझ्याबरोबरचा मित्र कार्यक्रमभर "हा ब्लॅकमोर नाही" असंच म्हणत राहिला, जणू तिकिटाचे पैसे परत मिळणार होते. मी लॉर्डकडे बघत होतो. तो ऑर्गन नुसता वाजवत नव्हता, पुढे-मागे हलवत होता, कपाट सरकवतात तसा. २०१२ला तो गेला. त्या दिवशी त्याच मित्राचा फोन आला, ब्लॅकमोरचं नाव न काढता.

एक दुरुस्ती. आमच्या नाक्यावर सगळे छातीठोक सांगायचे की पर्पलच्याच कार्यक्रमात आग लागली. धाग्यात बरोबर लिहिलंय, झॅपाचा कार्यक्रम होता. पर्पल प्रेक्षकांत होते.

---

खालची_तार · शनिवार, रात्री ९:४८

वा. धागा माझ्यापेक्षा शहाणा झालाय.

झॅपाचं नाव निघालं म्हणून. त्या बिचाऱ्याचा तो आठवडाच वाईट होता. आगीत बँडचं सगळं सामान गेलं, तरी दौरा चालू ठेवला, आणि सहा दिवसांनी लंडनमध्ये एका माणसाने त्याला मंचावरून खाली ढकललं. कित्येक महिने चाकाच्या खुर्चीत काढावे लागले. आणि २०२४मध्ये 'मशीन हेड'ची पन्नाशीची आवृत्ती निघाली (दोन वर्षं उशिरा, आपल्यासारखीच), त्यात संपूर्ण अल्बमचं नवं मिश्रण (मिक्सिंग) कुणी केलंय? ड्वीझिल झॅपाने. फ्रँकचा मुलगा.

---

प्लग_काढू_नको · शनिवार, रात्री १०:३०

ते मिश्रण ऐकलंय. स्वच्छ आहे, प्रत्येक वाद्य वेगळं दिसतं. पण मला ते घर रंगवल्यावरचं घर वाटतं. ग्लव्हरने १९९७ला पंचविशीच्या आवृत्तीसाठी केलेलं मिश्रण मला जास्त आवडतं, कारण त्यात काही ठिकाणी मूळ अल्बममध्ये न घेतलेले तुकडे कळतात. पहिल्यांदा ऐकणाऱ्याने मात्र १९७२चंच ऐकावं. बोळ त्यातच आहे.

---

सूरमयी · रविवार, सकाळी ९:००

मी संगीतातली नाही, गिटार शिकणाऱ्या मुलाची आई आहे. आठवी. गेले चार महिने घरात सकाळ-संध्याकाळ तोच तुकडा, एका तारेवर, आणि तीव्र म की काय त्यावर हमखास चुकतो. काल रात्री त्याला मांडवीतीर यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. आज सकाळपासून दोन तारा, बोटांनी. खरंच वेगळं वाजतंय! धन्यवाद. (की तक्रार?)

एक शंका. इथे सगळे म्हणतात हॉटेलच्या बोळात रेकॉर्ड झालं. मग तो रिफसुद्धा तिथलाच?

---

खालची_तार · रविवार, सकाळी ९:४०

@सूरमयीताई, चांगलं पकडलंत, मी लिहायचं विसरलो. नाही! नेमकं तेच एक गाणं हॉटेलातलं नाही. म्हणजे त्याची वाद्यं नाहीत.

कॅसिनो गेल्यावर नोब्सने आधी गावातलं पॅव्हिलियन नावाचं जुनं नाट्यगृह मिळवून दिलं. भर वस्तीत. रात्री हे वाजवायला बसले, आवाज एवढा की आख्खं गाव जागं. शेजाऱ्यांनी तक्रार केली, पोलिस आले. आत टेक चालू होता, म्हणून सामान वाहणाऱ्या पोरांनी दारं आतून दाबून धरली आणि तो संपेपर्यंत पोलिसांना बाहेर उभं ठेवलं. मग व्हायचं तेच झालं, हाकलले गेले. त्या एका रात्रीत हाती लागला तो एकच वाद्यांचा ट्रॅक, शब्दांविना, नावाविना. हॉटेलात बाकीचं झाल्यावर वेळ कमी पडायला लागला, तेव्हा "अरे, ते एक पडलंय ना" म्हणून तो काढला. काही दिवसांपूर्वी ग्लव्हर झोपेतून उठता-उठता 'स्मोक ऑन द वॉटर' हे शब्द पुटपुटला होता. गिलनने आधी हसण्यावारी नेलं, अमली पदार्थांचं गाणं वाटेल म्हणाला. मग आगीची हकीगत लिहून त्या ट्रॅकवर बसवली.

'मशीन हेड' म्हणजे काय तेही कुणी विचारलं नाही अजून. गिटार-बासच्या डोक्यावरच्या खुंट्या, ज्या पिळून तार लावतात. त्याला म्हणायला सांगा, आधी खुंट्या नीट लाव, मग वाजव.

---

डावखुरा · रविवार, सकाळी १०:१५

आणि 'व्हेन अ ब्लाइंड मॅन क्राइज' कुणी विसरू नका. त्याच हॉटेलातलं, संथ, रडवेलं. ब्लॅकमोरला आवडलं नाही म्हणून अल्बमबाहेर गेलं आणि 'नेव्हर बिफोर'च्या मागच्या बाजूला छापलं गेलं. माझ्या मते समोरच्या बाजूपेक्षा दसपट चांगलं.

---

नाना_नगरकर · रविवार, दुपारी १२:०५

'लेझी' ऐकलं. नातवाने कानात लावून दिलं. डोकं दुखलं नाही. पेटीवाल्यांनी सांगितलेला तो गुरगुरणारा ऑर्गन मला माहितीये, आमच्या होस्टेलच्या जिन्याखाली हाच वाजायचा. गाणारा सुरू झाला तेव्हा बंद केलं.

---

काळी_दोन · रविवार, दुपारी १२:२०

नाना, चार मिनिटं ऐकलंत म्हणजे गाणं ऐकलंत. 🙂 आता त्याचंच जपानमधलं रूप ऐका. ऑगस्ट १९७२, ओसाका आणि टोकियोतल्या तीन रात्री, 'मेड इन जपान' म्हणून निघालंय. कॅसिनोत जे करायचं राहिलं ते तिथे झालं. 'स्पेस ट्रकिन' तिथे वीस मिनिटांचं आहे, ते मात्र नातवाला सांगून सवडीने.

---

सूरमयी · रविवार, संध्याकाळी ६:३०

खालच्या मजल्यावरचे काका आत्ता वर आले होते. मुलाचा दोन तारांचा तुकडा पहिल्यांदाच न चुकता चालू होता, तीव्र म सुद्धा बरोबर. बेल दोनदा वाजली. मी दार दाबून धरलं आणि त्याला खुणेनेच म्हटलं, संपव.